बाईकचे जुने मोनोशॉक, घरी बांधलेली कार: एक प्रकरण अभ्यास

गाडी पुण्यातल्या धायरीतल्या एका शेडमध्ये बांधलेली. दोन माणसांची, पाइपची चासी, मारुती ८०० चे ७९६ सीसीचे तीन-सिलिंडर इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स मागे बसवलेला, चारही चाकांना स्वतंत्र डबल विशबोन, म्हणजे वर एक आणि खाली एक असे दोन आर्म. चालकासह वजन ६२० किलो, त्यातले ४२ टक्के पुढे आणि ५८ टक्के मागे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणून २०० सीसी वर्गातल्या एका बाईकचे मागचे मोनोशॉक घेतलेले, चारही जुने. चासी, वेल्डिंग, ब्रेक यांत खोट नव्हती, पण गाडी चालवण्याजोगी नव्हती. गतिरोधकावर मणक्यात कळ जाई आणि वळणावर आतले मागचे चाक चक्क हवेत उचलले जाई.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२६ प्रमाणे नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. कोथरूडची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) अशांपैकीच एक. ती वाट उत्पादकांसाठी आहे, शेडमधल्या एकट्या गाडीसाठी नाही. या प्रकरणातल्या सगळ्या चाचण्या भोरकडच्या एका खासगी जागेतल्या बंद रस्त्यावर झाल्या.

बाईकचाच शॉक का, याचे उत्तर सोपे आहे. ६००-६५० किलोच्या गाडीला साध्या हॅचबॅकचे स्ट्रट जड पडतात आणि लांबीत बसत नाहीत. मोनोशॉक आटोपशीर असतो, स्प्रिंग त्याच्यावरच असते आणि नाना पेठेत किंवा बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात फिरले की मिळून जातो. समोरून ठोकलेल्या बाईकचा मागचा शॉक बहुतेकदा शाबूत असतो. अट एवढीच की चारही एकाच मॉडेलचे, एकाच पार्ट नंबरचे हवेत. दोन एका बाईकचे आणि दोन दुसरीचे असे घेतले तर पुढचा सगळा हिशेब वाया जातो.

घेतानाची तपासणी

विक्रेता शॉक पुसूनच देतो, त्यामुळे दुकानात तेल दिसत नाही. शॉक घरी आणा, स्प्रिंग प्रेसखाली दाबून काढा, दांडा वीस वेळा आत-बाहेर करा आणि दांडा खाली ठेवून रात्रभर वर्तमानपत्रावर टांगा. सकाळी कागदावर थेंब असेल तर सील गेले. दांड्यावर फक्त ओलसर चकाकी असेल तर चालते. मग दांड्यावरून नख फिरवा. क्रोमच्या खड्ड्यात नख अडकले तर तो शॉक बाद, कारण तो खड्डा नवे सीलही महिन्याभरात खातो. दांडा हाताने गोल फिरवताना खालची बुश (बोल्ट जाण्याची नळी) डोलत असेल तर दांडा वाकलेला आहे, आणि तो सरळ करण्याच्या फंदात पडू नये.

सगळ्यात महत्त्वाची चाचणी वजनाची. स्प्रिंगशिवायचा शॉक वायसमध्ये धरायचा, बॉडी वर आणि दांडा खाली. दांडा पूर्ण आत ढकलायचा, खाली ४० किलोच्या जिमच्या प्लेट टांगायच्या, सोडायचे आणि ४० मिमी उघडायला किती वेळ लागतो ते मोबाइलच्या स्लो-मोशनवर मोजायचे. इथे तीन शॉकना १.० ते १.१ सेकंद लागला आणि चौथ्याला ०.६. चौथा परत गेला. वेळेच्या आकड्याला एकट्याने फारसा अर्थ नाही, तो चारही शॉकमध्ये सारखा असण्याला आहे. चारही एकाच बैठकीत मोजा. डिसेंबरच्या सकाळी तेल घट्ट असते, एप्रिलच्या दुपारी पातळ, आणि तुलना बिघडते.

दांडा सावकाश आत-बाहेर करताना दिशा बदलण्याच्या क्षणी दोन-तीन मिमी पोकळ जागा हाताला लागली तर वायू तेलात मिसळलेला आहे. शॉक उभा धरून दहा वेळा चालवल्यावर ती पोकळी गेली तर ठीक, नाही गेली तर बाद. या किमतीच्या बऱ्याच मोनोशॉकमध्ये तेल आणि नायट्रोजन वेगळे ठेवणारा तरता पिस्टन नसतो. म्हणून असा शॉक आडवा बसवायचा नाही. बॉडी वर, दांडा खाली आणि उभ्या रेषेपासून थोडासा कल, एवढेच. आणखी एक, आणि यात सूट नाही: बॉडी वायूच्या दाबाखाली असते. तिला वेल्डिंगचा टाका, ड्रिल, ग्राइंडर यांतले काहीही लागता कामा नये. ब्रॅकेट शॉकच्या मापाचे बनवा, शॉक ब्रॅकेटच्या मापाचा करू नका.

स्प्रिंगचे मोजमाप

तारेची जाडी ११ मिमी, बाहेरचा व्यास ६६, म्हणजे सरासरी व्यास ५५ मिमी, काम करणारे वेढे साडेसात. तारेच्या जाडीचा चौथा घात घ्या, त्याला स्टीलच्या ७९,००० या आकड्याने गुणा आणि आठ गुणिले सरासरी व्यासाचा घन गुणिले वेढे, याने भागा. उत्तर ११६ न्यूटन प्रति मिमी येते. तार मोजण्याआधी रंग खरवडून काढायचा, कारण जाडीत ०.१ मिमीची चूक झाली की चौथ्या घातामुळे उत्तर साडेतीन टक्क्यांनी हलते. पडताळा प्रेसखाली झाला. वजनकाटा खाली, स्प्रिंग वर, आणि १०० किलोला स्प्रिंग साडेआठ मिमी दबली. दोन्ही आकडे जुळले.

शॉकची मोकळी लांबी डोळ्यापासून डोळ्यापर्यंत ३१४ मिमी आणि स्ट्रोक, म्हणजे दांडा आत जाण्याचे अंतर, ५५ मिमी. स्प्रिंग मोकळी १७५ मिमी, पूर्ण दबली तर वेढे ९९ मिमीवर एकमेकांना भिडतात. साडेसात मिमी प्रीलोड (बसवतानाच स्प्रिंगला दिलेला दाब) धरूनही पूर्ण स्ट्रोकला ती ११२ मिमीच्या वरच राहते, म्हणजे भिडत नाही.

चूक कुठे होती

बांधणाऱ्यांनी शॉकचे खालचे टोक खालच्या आर्मवर बॉल जॉइंटच्या अगदी जवळ, आतल्या पिव्हटपासून २६३ मिमीवर बसवले होते. आर्म ३५० मिमीचा. पुष्कळ जण असेच करतात, कारण तिथे आर्मवर भार कमी येतो आणि जागाही असते. स्प्रिंग काढून चाक दहा-दहा मिमी जॅकने उचलत शॉकची लांबी मोजली तेव्हा चाक-शॉक गुणोत्तर ०.६८ आले. म्हणजे चाक १०० मिमी वर गेले की शॉक ६८ मिमी दबतो. बाईकवर हाच शॉक साधारण ०.४ च्या आसपास काम करत असतो.

चाकापाशी जाणवणारी स्प्रिंग गुणोत्तराच्या वर्गाने बदलते. ०.६८ चा वर्ग ०.४६. ११६ ला त्याने गुणले की चाकापाशी ५४ न्यूटन प्रति मिमी. मागच्या एका कोपऱ्यावर १८० किलो येतात. त्यातून चाक, हब, ब्रेक आणि आर्मचा अर्धा भाग असे ३५ किलो वजा केले तर स्प्रिंगवर १४५ उरतात. त्यावरून मागची झोक-संख्या (गाडी सेकंदाला किती वेळा वर-खाली झुलते तो आकडा) ३.१ हर्ट्झ, पुढे १०० किलोवर ३.७. हे आकडे एरोडायनॅमिक पंख लावलेल्या शर्यतीच्या गाड्यांचे. खडबडीत रस्त्यावरच्या हलक्या स्पोर्ट्स गाडीला १.६ ते १.८ हर्ट्झ हवे. शिवाय उभ्या गाडीच्या वजनाने मागचा शॉक जेमतेम साडेदहा मिमी बसत होता, म्हणजे चाकाला खाली यायला १५ मिमीच जागा. आतले चाक वळणावर उचलले जाण्याचे कारण एवढेच.

पहिला इलाज झाला तो बहुतेक लोक करतात तोच, मऊ स्प्रिंग. ३८ न्यूटन प्रति मिमीच्या स्प्रिंगा वळवून आणल्या. गणिताने झोक-संख्या बरोबर १.७५ वर आली, पहिल्या गतिरोधकावर गाडी मऊही वाटली. मग पाच रंबल पट्ट्या ओळीने आल्या आणि मागची बाजू १८ मिमी खाली बसली, पट्ट्या संपल्यावर सावकाश वर आली. दुसऱ्या फेरीत पुन्हा तेच.

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. स्प्रिंग बदलता येते, पण डॅम्परच्या, म्हणजे शॉकमधल्या झोक थांबवणाऱ्या तेलाच्या भागाच्या, आतले व्हॉल्व्ह तसेच राहतात. डॅम्परचा जोरही चाकापाशी गुणोत्तराच्या वर्गाने पोहोचतो. ०.३९ ऐवजी ०.६८ वर बसवलेला तोच डॅम्पर चाकापाशी तिप्पट जोराचा होतो, कारण ०.६८ भागिले ०.३९ याचा वर्ग तीनच्या जवळ येतो. मूळ जाड स्प्रिंग त्याला निदान ढकलून उघडत तरी होती. मऊ स्प्रिंगची तेवढी ताकद नाही. पट्टीवर शॉक दबतो, उघडायला वेळ मागतो आणि तोवर दुसरी पट्टी येते. प्रत्येक पट्टीला गाडी थोडी थोडी खाली बसत जाते.

म्हणून आमचा ठाम सल्ला असा: जुना शॉक घेतलात तर जागा आधी डॅम्परच्या सोयीने ठरवा, स्प्रिंगचा विचार नंतर. बाईकवर ज्या गुणोत्तरावर आणि ज्या वजनाखाली तो काम करत होता त्याच्या जवळ त्याला नेऊन ठेवा. बहुतेकदा मूळ स्प्रिंगच चालून जाते. इथे तसेच झाले.

नवी जागा

मागचा हिशेब. खालचे टोक पिव्हटपासून १५० मिमीवर, शॉकला आत २५ अंशांचा कल. शॉकची बसती लांबी २९० मिमी धरली तर गुणोत्तर ०.३९ येते. चाकापाशी स्प्रिंग १७.५ न्यूटन प्रति मिमी, झोक-संख्या १.७५ हर्ट्झ. साडेसात मिमी प्रीलोडने शॉक २४ मिमी बसतो, म्हणजे ३१४ वरून बरोबर २९० वर. चाक ६१ मिमी वर गेले की लांबी २६६ होते आणि ५५ च्या स्ट्रोकपैकी सात मिमी उरतात. ते रबरी बंप स्टॉपला. चाक ६१ मिमी खाली सोडले की शॉक जवळजवळ पूर्ण उघडतो. या कलामुळे आणखी एक फायदा मिळतो: गुणोत्तर खाली ०.३७ आणि वर ०.४२ असे चढते राहते, त्यामुळे खड्ड्यात शेवटी स्प्रिंग आपोआप कडक होत जाते. कल बाहेरच्या बाजूला चुकला तर हे उलटे होते.

पुढे वजन कमी, त्यामुळे तोच डॅम्पर तिथे जास्त जोराचा पडला असता. पुढे आणि मागे झोक थांबवण्याचे प्रमाण जवळजवळ सारखे ठेवायचे तर पुढचे गुणोत्तर ०.३१ च्या आसपास हवे. पुढचा आर्म ३६० मिमीचा, टोक पिव्हटपासून १२३ मिमीवर. मूळ स्प्रिंगनेच चाकापाशी ११ न्यूटन प्रति मिमी आणि १.६८ हर्ट्झ. पुढची झोक-संख्या मागच्यापेक्षा थोडी कमी असावी, म्हणजे खड्ड्यावरून जाताना मागची बाजू पुढच्या झोक्याला गाठते आणि गाडी डुलत नाही. तेही जमून आले. वळवून आणलेल्या मऊ स्प्रिंगा मांडणीवर गेल्या.

वाकलेला आर्म

शॉक आत सरकवणे म्हणजे नुसते ब्रॅकेट हलवणे नव्हे. शॉकमधला उभ्या गाडीचा जोर आधी २,०९० न्यूटन होता, तो आता ३,६५६ झाला. खड्ड्याचा धक्का तिप्पट धरला तर ११,००० न्यूटन, आणि तो आर्मच्या टोकाशी नव्हे तर जवळजवळ मध्यावर. जुन्या जागी आर्मवर वाकवणारा भार ३७० न्यूटन-मीटर होता, नव्या जागी ८५५.

जुने आर्म २५ मिमी व्यासाच्या, २ मिमी जाडीच्या पाइपचे, प्रत्येकाला दोन पाय. ८५५ न्यूटन-मीटरला त्यांच्यात ५५० मेगापास्कलचा ताण येतो. साध्या माइल्ड स्टीलचा पाइप २५० च्या आसपास कायमचा वाकतो. बांधणाऱ्यांनी हा हिशेब न करता जुन्याच आर्मवर नवे ब्रॅकेट जोडले आणि पहिल्याच दिवशी डावा मागचा आर्म वाकला. वाकला कुठे, हे पाहण्यासारखे होते. ब्रॅकेटच्या वेल्डच्या बाहेरच्या कडेला, पाइपच्या वरच्या अंगाला रंग बारीक सुरकुत्यांनी चुरगळला होता आणि खालच्या अंगाला केसाएवढ्या रेषांत फाटला होता. पट्टी लावली तर मध्यभागी चार मिमी खाली बाक. टाका सुटलेला नव्हता. वेल्ड चांगला होता, पाइपच कमी पडला.

नवे आर्म ४० बाय २० मिमीच्या, २.६ मिमी जाडीच्या आयताकृती पाइपचे, ४० ची बाजू उभी. ताण १५६ मेगापास्कलवर आला. दोन्ही पायांच्या मध्ये त्याच पाइपचा आडवा तुकडा आणि शॉकचे ब्रॅकेट त्याच्यावर, म्हणजे भार दोन्ही पायांना सारखा जातो. मागे ड्राइव्ह शाफ्ट मध्ये येतो, म्हणून शॉक शाफ्टच्या मागच्या बाजूने नेला. त्याने आर्मला थोडा पीळ पडतो, तो आडव्या तुकड्याशी कोपऱ्यात ३ मिमी पत्र्याचे त्रिकोण भरून सावरला. वरचे ब्रॅकेट चासीवर जिथे तीन पाइप एकत्र येतात तिथेच. दोन जोडांच्या मधल्या मोकळ्या पाइपवर ते लावले तर तो पाइप आर्मसारखाच वाकेल.

ब्रॅकेट ५ मिमी पत्र्याची, दोन्ही बाजूंनी धरणारी, म्हणजे बोल्ट दुहेरी कातरीत. बोल्ट १० मिमी, ८.८ ग्रेड, नायलॉक नट. बोल्टचा आटा ब्रॅकेटच्या भोकात येता कामा नये, म्हणून बोल्ट लांब घेऊन वायसर लावून नट बसवावा. वरचा आणि खालचा बोल्ट दोन्ही आर्मच्या पिव्हटच्या अक्षाला समांतर हवेत. ओळंबा आणि गुण्या लावून हे तपासा. दोन अंशांची चूकही दांड्याला आडवी ढकलते आणि सील सहा महिन्यांत गळू लागते. टाके मारून चाक पूर्ण वर-खाली करून पाहिल्याशिवाय पक्के वेल्डिंग करू नका.

बुश

कमी गुणोत्तराची एक किंमत असते. पुढे ०.३१ वर चाक पाच मिमी हलले की शॉक दीडच मिमी हलतो. मूळ रबरी बुश त्यातले थोडे स्वतःच गिळते आणि बारीक खडबडीवर डॅम्परला कामच उरत नाही. स्टिअरिंगमध्ये सतत थरथर येत होती. पुढच्या चारही जागी रबर काढून लेथवर गनमेटलच्या बुश केल्या, आत १० मिमी बोअरची स्टील स्लीव्ह, स्लीव्ह बुशपेक्षा ०.२ मिमी लांब, म्हणजे नट आवळल्यावर स्लीव्ह घट्ट आणि बुश मोकळी. थरथर गेली. मागे रबर तसेच ठेवले.

रबरी बुशचे बोल्ट आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, जॅकवर असताना कधीच नाही. चाक लटकत असताना आवळले तर गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही आठवड्यांत फाटते. आवळ ४५ न्यूटन-मीटर.

प्रीलोड, वजन आणि रोल

प्रीलोडची कॉलर फिरवून स्प्रिंग कडक होते, असा समज गॅरेजांतही आहे. होत नाही. फक्त गाडीची उंची बदलते. या शॉकच्या कॉलरची एक पायरी २ मिमीची, आणि पुढे ०.३१ वर ती चाकापाशी साडेसहा मिमी होते. बारीक जुळवणीला हे फार मोठे पाऊल आहे. म्हणून कॉलरखाली अर्ध्या मिमीच्या वायसर कापून घातल्या, एक वायसर म्हणजे पुढे १.६ मिमी.

कोपऱ्याचे वजन मोजायला घरचा १५० किलोचा काटा मागे कमी पडतो. जाड फळीचे एक टोक काट्यावर, दुसरे विटेवर आणि चाक बरोबर मध्ये ठेवले की काटा निम्मे वजन दाखवतो. फळीचे निम्मे वजा करा आणि दुप्पट करा. बाकीची तीन चाकेही तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर हवीत. चालकाच्या जागी ७५ किलोची वाळूची पोती ठेवूनच हे मोजा, कारण उजवी बाजू त्यानेच बदलते.

एक दोष शॉकने सुटत नाही. या स्प्रिंगांनी रोल (वळणावर गाडीचे एका बाजूला कलणे) अडवण्याच्या कामाचा ६१ टक्के वाटा मागे येतो आणि इंजिनही मागेच. अशी गाडी वळणावर शेपूट आधी सोडते. पुढे अँटी-रोल बार, म्हणजे डावी-उजवी चाके जोडून कलणे अडवणारा दांडा, हवाच. हिशेबाने त्याने साधारण ९,४०० न्यूटन-मीटर प्रति रेडियनची भर घातली तर पुढचा वाटा ५५ टक्क्यांवर जातो. भंगारातल्या एका हॅचबॅकचा बार टोके कापून आणि नव्या लिंक लावून बसवला.

त्यानंतरचे मोजमाप केबल टायचे. चारही दांड्यांवर एक-एक छोटा टाय घट्ट बसवून सीलपर्यंत सरकवायचा, फेरी मारायची आणि तो कुठवर ढकलला गेला ते पाहायचे. ताशी २० किमीने गतिरोधकावर मागचे टाय ५५ पैकी ४४ मिमीवर थांबले. पाच रंबल पट्ट्यांनंतर मागची उंची आधीइतकीच राहिली. उजवा मागचा शॉक एक्झॉस्टपासून ७० मिमीवर आहे. चाळीस मिनिटांच्या फेरीनंतर त्याचा टाय डाव्यापेक्षा पाच मिमी पुढे जाऊ लागला, कारण तापलेले तेल पातळ होते. मध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याची ढाल लावली, पत्रा आणि बॉडी यांत दहा मिमी हवा सोडून, आणि फरक एका मिमीवर आला.